आणि साथी

लहानपणी माझी आवडती गायिका साथी होती.

विविध भारतीवर गाणं लागण्याआधी नावं सांगायचे, "मोहम्मद रफ़ी, आशा भोसले और साथी." पुढच्या गाण्याला रफीसाहेब बदलायचे, आशाबाई बदलायच्या, साथी मात्र तीच. लताबाईंबरोबर साथी, मन्ना डेंबरोबर साथी, महेंद्र कपूर यांच्याबरोबर तर हटकून साथी. मला वाटायचं, काय वट आहे या बाईची! एकही मोठा गायक हिच्याशिवाय गायला उभा राहत नाही, आणि ही मात्र आडनाव लावण्याचेही कष्ट घेत नाही.

चौथीत 'माझी आवडती गायिका' हा निबंध आला. सगळ्या वर्गाने लताबाईंवर लिहिला. मी साथीवर दीड पान लिहिलं. बाईंनी खाली लाल शाईने शेरा मारला, 'साथी हे विशेषनाम नाही, सामान्यनाम आहे.' वर्ग हसला. मीही हसले, कारण वर्ग हसला की त्यात आपला आवाज मिसळायचा, ही सवय मला तेव्हापासूनच होती. पुढे माझं पोट त्याच सवयीवर चालणार आहे, हे कुणाला माहीत होतं?

गेली तीस वर्षं मी साथी आहे. चित्रपटात, जाहिरातीत, मालिकेच्या शीर्षकगीतात, गणपतीच्या आरत्यांच्या अल्बममध्ये मागे जो घोळका गातो ना, त्यात डावीकडून तिसरी. तुम्ही मला हजार वेळा ऐकलं आहे, आणि ऐकलंय हे तुम्हाला माहीत नाही. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात.

धंदा समजायला सोपा आहे. कोरसवाल्याला आवाज लागतो, पण स्वतःचा असून चालत नाही. हरकत घेतली की चूक. मुरकी घेतली की मोठी चूक. आवाजाला कंप आला तर रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून असा बघतो, की आपण देवळात चपला घालून आलोय असं वाटतं. शब्दाच्या शेवटी 'स' आला तर तो एकीनेच म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा. नाहीतर आठ जणींचा 'स' मिळून प्रेशर कुकरची शिट्टी होते. श्वाससुद्धा चोरून घ्यायचा. एकीने घेतला की दुसरीने सूर धरून ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं की या बायकांना श्वास लागतच नाही. ही विद्या मला संसारातही फार उपयोगी पडली आहे.

शब्द मात्र आमच्या वाट्याला फारसे येत नाहीत. शब्द पुढचीचे, आम्हाला स्वर. माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीचं समग्र वाङ्मय काढलं तर ते 'आ', 'ऊ', 'ओहो' आणि 'हं' एवढंच भरेल. त्यात 'हं' अवघड. 'हं' विरहाचा असतो, शृंगाराचा असतो आणि साबणाच्या जाहिरातीचाही असतो, आणि तिन्हींचे पैसे सारखेच मिळतात. पूर्वी आठ-दहा जणी एका माइकभोवती दाटीवाटीने उभ्या राहायच्या. आता चौघींना बोलावतात, तेच सहा वेळा गाऊन घेतात आणि एकावर एक चढवून चोवीस जणी करतात. पाकिटं मात्र चारच. बाकीच्या वीस जणी समाजसेवा म्हणून गातात असं धरायचं.

आता कुणी म्हणेल, ही फॅशन परदेशातून आली. मुळीच नाही. शाहिराच्या मागे डफाच्या तालावर 'जी जी' करणारे झीलकरी काय करत होते? झील ओढणं हा आमचा पिढीजात धंदा आहे. फक्त भाषेनेच आमच्याशी दगा केला. 'री ओढणे' हा वाक्प्रचार ज्याने काढला तो नक्कीच पुढे गाणारा असणार. स्वतःची अक्कल न वापरता दुसऱ्याच्या हो ला हो करणं, म्हणे! अहो, री ओढून बघा एकदा. मुख्य गायक लयीत पुढे पळाला, सुरात खाली घसरला, कडवं विसरला, तरी त्याच्याबरोबर पळायचं, घसरायचं आणि विसरायचं. शिवाय तो बरोबरच होता असं सगळ्या सभागृहाला वाटलं पाहिजे. याला अक्कल लागत नाही? पक्षप्रवक्त्याला विचारा.

तर एका चांगल्या दिवशी मी ठरवलं की आपण स्वतःचा अल्बम काढायचा. सोलो. सहा भावगीतं. नवऱ्याने विचारलं, "मागे कोण गाणार?" मी म्हटलं, "मागे कुणी नाही. मीच पुढे." तो म्हणाला, "मग मागचं कोण सांभाळणार?" प्रश्न गाण्याचा होता की स्वयंपाकघराचा, हे मी अजून विचारलेलं नाही.

रेकॉर्डिंगला मी सवयीने माइकपासून दोन फूट मागे उभी राहिले. रेकॉर्डिस्ट म्हणाला, "ताई, पुढे या." मी अर्धा फूट सरकले. "अजून पुढे." आणखी अर्धा फूट. शेवटी तो बाहेर आला आणि खुर्ची सरकवावी तसं त्याने मला माइकपुढे सरकवलं. पहिला टेक झाला. त्याने काचेपलीकडून अंगठा दाखवला आणि म्हणाला, "फार छान! हा मागचा ट्रॅक झाला. मेन सिंगर किती वाजता येणार आहेत?"

तेव्हा मला आमच्या धंद्यातली मेख कळली. कोरसमध्ये तुमचा आवाज ओळखू आला की काम जातं. सोलोमध्ये ओळखू आला नाही की काम जातं. तीस वर्षं मी आवाजावर इस्त्री फिरवून एकूण एक सुरकुती मोडली होती, आणि आता लोक म्हणत होते, यात तुमचं असं काही दिसत नाही. चोराला सांगावं, बाबा रे, आता बँडबाजा लावून घरात शीर, तसलं हे.

अल्बम निघाला. पाचशे सीडी काढल्या. पैकी साठ नातेवाइकांना दिल्या, तेव्हा कळलं की त्यातल्या बावन्न घरांत सीडी वाजवायचं यंत्रच उरलेलं नाही. उरलेल्या सीडींपैकी काही आमच्या गच्चीवर कबुतरांना भिववायला टांगल्या आहेत. कबुतरं येत नाहीत. हा माझ्या गाण्याला मिळालेला सर्वांत ठाम प्रतिसाद. सासूबाईंनी मात्र सगळी गाणी बसून ऐकली. आमच्या सासूबाई म्हणजे सोसायटीच्या भजनी मंडळाच्या पुढच्या. मंगळवारी त्या ओळ घालणार आणि पंधरा बायका ती उचलणार, त्यात लग्न झाल्यापासून मीही आहे. सहावं गाणं संपल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं आहे हो. पण सारखं वाटत राहतं, आता कुणीतरी गायला सुरुवात करेल."

त्या रात्री मी रडले नाही, पण 'आ' लावून पाहिला; लागला नाही. आणि तेव्हाच कुणीतरी मला डार्लिन लव्ह या बाईंची गोष्ट सांगितली. ऐकून इतकं बरं वाटलं, की ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या दुःखाहून मोठं दुःख, आणि तेही अमेरिकेतलं, ऐकलं की मराठी माणसाला जरा उभारी येते.

ही बाई १९४१ सालची, लॉस एंजेलिसची. खरं नाव डार्लिन राइट. वडील धर्मोपदेशक, त्यामुळे गाणं चर्चमधून आलेलं. 'ब्लॉसम्स' नावाचा तिघी बायकांचा गट होता, त्यात ही गायची. स्टुडिओत कुणालाही मागे गायला लागलं की ब्लॉसम्सना बोलवा. १९६८ साली एल्व्हिस प्रेस्लीने टीव्हीवर गाजलेलं पुनरागमन केलं, तेव्हाही त्याच्या मागे याच होत्या.

आता मूळ गोष्ट १९६२ ची. फिल स्पेक्टर नावाचा निर्माता होता. त्याच्या हाती एक गाणं आलं, 'ही इज अ रेबेल'. दुसरं कुणीतरी तेच गाणं बाजारात आणायच्या आत त्याला आणायचं होतं. त्याच्याकडे 'क्रिस्टल्स' नावाचा मुलींचा गट होता, पण तो पडला न्यूयॉर्कला, आणि हा होता लॉस एंजेलिसला. मुलींना आणायला वेळ कुठला? त्याने शेजारच्या ब्लॉसम्सना बोलावलं, डार्लिनकडून गाणं गाऊन घेतलं आणि तबकडीवर छापलं 'क्रिस्टल्स'. नोव्हेंबरात ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. बिचाऱ्या क्रिस्टल्सना आपण हे गाणं गायलो आहोत ही बातमी रेडिओवरून कळली. मग धावपळ करून त्यांना स्वतःचं गाणं शिकावं लागलं, कारण लोक कार्यक्रमात फर्माईश करणार.

म्हणजे बघा. जी गायली तिचं नाव नाही, आणि जिचं नाव आहे ती गायली नाही. आमच्याकडे निदान 'आणि साथी' तरी म्हणतात. तिथे साथी पुढे होती आणि पुढच्या तर खोलीतही नव्हत्या!

एकदा फसली, ठीक आहे. आपण रिक्षावाल्याच्या बोलण्याला एकदा फसतो तसं. पण पुढच्या गाण्याला डार्लिनबाईंनी करार केला. 'डार्लिन लव्ह' हे नाव स्पेक्टरनेच दिलं. गाणं रेकॉर्ड झालं. बाई आता आपलं नाव ऐकायचं म्हणून रेडिओपाशी. निवेदकाने सांगितलं, "ऐका, क्रिस्टल्सचं नवं गाणं."

मी ही गोष्ट आमच्या कोरसमधल्या बायकांना सांगितली, तेव्हा चौघींनी एकाच वेळी एकाच सुरात "अगं बाई!" म्हटलं. त्यातही 'ई' एकदम तुटली. सवय.

पुढे तिच्या नावाने काही गाणी आली. १९६३ मध्ये तिने एक नाताळगीत गायलं, 'ख्रिसमस, बेबी प्लीज कम होम'. अल्बम बाजारात आला त्या दिवसाची तारीख होती २२ नोव्हेंबर. त्याच दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झाली. आता सुतकात नाताळची गाणी कोण घेणार? आमच्याकडे मुहूर्त बघतात त्याला लोक हसतात.

१९८० च्या सुमारास दिवस इतके फिरले, की ही बाई बेव्हर्ली हिल्समध्ये लोकांच्या घरची साफसफाई करत होती. एका घरी न्हाणीघर घासताना रेडिओ चालू होता आणि त्यावर तिचं ते नाताळगीत लागलं. कल्पना करा. एका हातात ब्रश, समोर परक्यांचं न्हाणीघर, आणि कानात आपलाच वीस वर्षांपूर्वीचा आवाज. आपण असतो तर काय केलं असतं? मी तर सवयीने मागे 'ऊ' धरला असता. तिने ब्रश ठेवला आणि ठरवलं, पुरे, आपण गायचं.

मग मात्र ती थांबली नाही. १९८६ पासून डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमात तेच नाताळगीत जवळजवळ दर वर्षी, २०१४ पर्यंत. २०११ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये नाव लागलं. तिच्यासारख्या मागे गाणाऱ्यांवर २०१३ साली 'ट्वेंटी फीट फ्रॉम स्टारडम' नावाचा माहितीपट निघाला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि तेव्हा तिने मंचावर भाषणाच्या जागी गाणंच सुरू केलं. सगळं सभागृह उभं राहिलं. आणि कळस म्हणजे २०१५ चा अल्बम. वय वर्षं चौऱ्याहत्तर. अल्बमचं नाव, 'इंट्रोड्यूसिंग डार्लिन लव्ह'. म्हणजे, 'सादर करत आहोत, डार्लिन लव्ह'! आमच्या चौथीच्या बाई हयात असत्या तर मी त्यांना ती सीडी नेऊन दिली असती. बाई, सामान्यनामाचं विशेषनाम होतं. त्रेपन्न वर्षं लागतात, पण होतं.

त्या माहितीपटाचं नावही मला फार आवडलं. मागच्या गायिकेपासून पुढच्या माइकपर्यंतचं अंतर म्हणे वीस फूट. डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला हे अंतर मोठंच वाटणार. आमच्या घरात वीस फूट सरळ चालायचं म्हटलं तर जिन्यात जावं लागतं.

त्या माहितीपटात आणखी एक बाई आहेत, मेरी क्लेटन. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्स या बँडच्या 'गिमी शेल्टर' गाण्याचं रेकॉर्डिंग लॉस एंजेलिसमध्ये चालू होतं. एका बाईचा आवाज हवा म्हणून रात्री उशिरा त्यांना फोन गेला. त्या पोटुशी, केसांना कर्लर लावून झोपायच्या तयारीत. तशाच गेल्या आणि असा आवाज लावला, की वरच्या पट्टीत तो तडकला; तो तडकलेला आवाजच गाण्याचा प्राण ठरला. आमच्या धंद्यात ज्याबद्दल हाकलून देतात, त्याबद्दल त्या अजरामर झाल्या. आणि तबकडीवर नाव? त्यांच्या 'मेरी'च्या स्पेलिंगमध्ये ई आणि दोन आर. छापलं ए आणि एका आरने. भलत्याच मेरीचं. देवनागरीत छापलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. आपली लिपी कोरसवाल्यांच्या बाजूची आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच गाण्याच्या नावाचा स्वतःचा अल्बम काढला, आणि या वेळी स्पेलिंग स्वतः बघितलं असणार.

पुढे जाऊन टिकलेलेही आहेत. ल्यूथर व्हॅन्ड्रॉस १९७५ मध्ये डेव्हिड बोवीच्या मागे गात होता, १९८१ मध्ये स्वतःच्या अल्बमने पुढे आला आणि पुढेच राहिला. पण मला भावली ती त्याच्याच मागे गाणारी लिसा फिशर. १९९१ साली तिने एकच सोलो अल्बम काढला, त्यातल्या गाण्याला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळालं, आणि बाई शांतपणे परत मागे जाऊन उभ्या राहिल्या. १९८९ ते २०१५ रोलिंग स्टोन्सच्या दौऱ्यांत मागे. ग्रॅमी घेऊन मागे! आमच्याकडे सोसायटीच्या स्पर्धेत उत्तेजनार्थ मिळालं तरी मंगळवारच्या भजनात पहिल्या रांगेसाठी भांडणं होतात.

आपल्याकडेही असे पुष्कळ. कविता कृष्णमूर्ती सुरुवातीला मोठ्या गायिकांसाठी डबिंगची गाणी गायच्या: यांनी आधी गाऊन ठेवायचं, त्यावर चित्रीकरण व्हायचं, मग मोठ्या गायिका येऊन खरं गाणार. १९८७ च्या 'मिस्टर इंडिया'मधलं 'हवा हवाई' असंच आधी गाऊन ठेवलेलं. त्यात एके ठिकाणी 'आ'च्या जागी 'ई' झाली, हे त्यांनीच सांगितलं आहे. गाणं पुन्हा कुणी गायलंच नाही, आणि ती 'ई' आजतागायत तशीच वाजते आहे. गंगूबाई हनगल यांच्या मागे त्यांची लेक कृष्णा जन्मभर गायली. मोगूबाई कुर्डीकरांच्या मागे तानपुरा धरून किशोरीताई बसत. मैफलीत मागे बसलेल्या शिष्याचा नियम तर आमच्याहून कडक. बाई थकल्या की सूर धरायचा, त्यांनी खूण केली की एक तान घ्यायची, पण ती त्यांच्याहून चांगली जाता कामा नये. आणि वाईट गेली तर घरी बघून घेतील.

आणि आमच्या सगळ्यांचे मूळपुरुष तर देहूच्या वाटेवर आहेत. तुकोबांच्या कीर्तनात मागे चौदा टाळकरी उभे असत. त्यांतले एक चाकणचे संताजी जगनाडे. हातात टाळ, मुखात ध्रुवपद, आणि घरी जाऊन तुकोबांचे अभंग वहीत उतरवून घ्यायचे. त्या वह्या आजही मोलाच्या मानल्या जातात. स्वतः संताजींनीही अभंग रचले. म्हणजे साथही केली, सोलोही केलं, आणि वर मुख्य गायकाचं सगळं रेकॉर्डिंगही सांभाळलं. आणि पाकीट? तेल्याचा घाणा चालवून स्वतःचं स्वतःच भरलं.

हे सगळं मी घरी सांगितलं, तेव्हा नवरा म्हणाला, "मग तू दुसरा अल्बम कधी काढतेस?" मी म्हटलं, आधी पहिल्यातल्या चारशे चाळीस संपू देत.

परवा मंगळवार होता. मी स्टुडिओतून उशिरा आले. दिवसभर चौघींची चोवीस होऊन झाली होती, घशात 'आ' अडकलेला. जिन्यापर्यंत सीडीचा आवाज येत होता. मी दारातच थांबले. आत माझंच गाणं चालू होतं. सहावं, तेच, ज्यात कुणीतरी सुरुवात करेल असं वाटत राहतं. सासूबाई परातीत मेथी निवडत बसल्या होत्या. माझी ओळ संपली की त्या तिची शेवटची चार अक्षरं उचलायच्या, अर्धा सूर खाली, लयीला जरा मागे, हरकत घेऊन, कंप लावून, श्वास मोठ्याने घेऊन. कोरसचा एकही नियम त्यांनी पाळला नाही. मी त्यांच्या जागी असते तर मला रेकॉर्डिस्टने बाहेर काढलं असतं.

गाणं संपलं. मी चपला काढल्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पुढचं लाव. मी आहे मागे."

मी सीडी पुन्हा पहिल्यापासून लावली. मनातल्या मनात निवेदनही केलं: आधी माझं नाव, आडनावासकट. मग, आणि साथी.